व्हिसा संपला, आता पुढे काय?

जीआरई, एफ-१ आणि एमएस यांवर आपल्या हॉस्टेलमध्ये रात्र रात्र चर्चा होते. पण अमेरिकेत स्थिरावलेल्या सीनियर्सच्या घरात कधी कधी वेगळाच प्रश्न उभा राहतो आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. बायको किंवा नवरा व्हिजिटर व्हिसावर गेला, मुदत संपली, तरी तिथेच राहिला, तर?

पहिला घोळ तारखेचा. पासपोर्टवरचा व्हिसा १० वर्षांचा असतो, म्हणून १० वर्षं राहता येतं असं लोकांना वाटतं. तसं नाही! व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, बहुतेक वेळा ६ महिन्यांची. ती उलटली की ओव्हरस्टे सुरू, आणि तो १० वर्षांचा व्हिसाही बाद.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो, अमेरिकन नागरिक आहे. वहिनी मावशीकडे फिरायला गेली होती, तिथेच काही महिन्यांनी दोघांचं जमलं, लग्न झालं. कागदपत्रं करू करू म्हणता मुदत संपून वर्ष उलटलं. दादाचा बेत असा, "हिला आधी भारतात पाठवतो, मग रीतसर बोलावतो." ऐकायला किती सरळ! पण नेमकं तेच करायचं नसतं.

१९९६च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे झाला तर ३ वर्षं आणि १ वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर १० वर्षं परत येण्यास बंदी. आणि ही बंदी देश सोडल्यावर लागू होते! म्हणजे शहाण्यासारखं घरी जावं, तर दार बंद.

उलट, जोडीदार नागरिक असेल आणि प्रवेश अधिकाऱ्यासमोर रीतसर झाला असेल, तर तिथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. आय-१३० आणि आय-४८५ एकत्र भरता येतात. नागरिकाच्या जोडीदाराला ओव्हरस्टे या कारणाने अडवत नाहीत. मात्र लग्न खरं हवं, आणि येतानाच राहायचा बेत ठरवून अधिकाऱ्याला खोटं सांगितलेलं नको; तो गुन्हा वेगळा आणि जड. लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर पहिलं कार्ड २ वर्षांचंच मिळतं.

जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ही सवलत नाही. तो नागरिक होईपर्यंत थांबायचं, किंवा आय-६०१ए नावाची माफी मागायची. माफी मंजूर झाल्यावर मगच मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला यायचं. त्यासाठी मागे राहणाऱ्या नवऱ्याला, बायकोला किंवा आईवडिलांना पराकोटीचा त्रास होईल हे सिद्ध करावं लागतं. नुसती "आठवण येते" चालत नाही. एच-१बीवाल्यांसाठी तर १८० दिवस भरायच्या आत परत येऊन एच-४ मागणं हाच त्यातल्या त्यात बरा रस्ता. बंदी लागत नाही, उत्तरं मात्र द्यावी लागतात.

अर्ज भरला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. २०२५च्या अखेरीस सॅन दिएगोत मुलाखतीला गेलेल्या जोडीदारांनाच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यामुळे इथे चांगला वकील हवाच, एखाद्या "अनुभवी" काकांचा सल्ला पुरत नाही.

दादाने अर्ज भरला. पण वहिनीचे वडील साताऱ्यात आजारी पडले. अर्ज प्रलंबित असताना बाहेर जायचं तर आधी अॅडव्हान्स पॅरोल घ्यावा लागतो. तो घेऊन गेल्यास १० वर्षांची बंदी लागत नाही, असा निर्णय तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये दिला. तरी परत आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरच ठरतं. वकिलाने सांगितलंय, कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. वहिनीची आई रोज रात्री फोनवर एवढंच विचारते, कागद आला का?