बेंगळूरचे वार्तापत्र : सौम्य थंडीचे दोन महिने

बेंगळूर, माघारंभ

परमुलखातून आलेल्या हिवाळ्याच्या पत्रात बर्फ असावे, अशी वाचकांची अपेक्षा असल्यास ती वाजवीच म्हणावी लागेल. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो या गावी नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही, आणि पुढे २१ जानेवारीच्या सुमारास डोंगरांच्या आडून त्याचे दर्शन घडले म्हणजे गावातील मुले त्याच्या स्वागतासाठी उघड्यावर जमतात. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरच्या या कानडी पठारावर असा निकराचा प्रसंग निसर्ग कधी आणीत नाही. पहाटेचा पारा सहसा पंधरा-सोळा अंशांवर थांबतो. १३ जानेवारी १८८४ रोजी तो ७.८ अंशांपर्यंत उतरला होता, त्याची नोंद आजही नीचांक म्हणून सांगितली जाते. तरीही या शहराला स्वतःचा असा हिवाळा आहे, आणि संगणकाच्या धंद्याने जगभर नाव मिळविलेल्या या नगरीत त्या हिवाळ्याचे वेळापत्रक अद्यापि शेतकरीच ठरवितो, ही गोष्ट मला मराठी वाचकांच्या विशेष नजरेस आणावयाची आहे.

कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीतील मोठ्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. तिला इकडे ‘कडलेकायी परिषे’ म्हणतात. हे शहर वसविणाऱ्या केंपेगौडाने सोळाव्या शतकात बांधविल्याचे मानले जाणारे ते देऊळ, एकाच शिळेतून घडविलेला सुमारे पंधरा फूट उंचीचा तो नंदी आणि १८९८ च्या प्लेगानंतर मोकळ्या हवेसाठी आखलेली, त्या देवळावरूनच नाव पडलेली ती वस्ती एरवी प्रवाशांना परिचित असते. परंतु जत्रेच्या दिवसांत देवळाकडे जाणारा हमरस्ता दुतर्फा शेंगांच्या राशींनी असा भरून जातो, की वाहनांना मज्जाव करण्यावाचून बंदोबस्तावरील पोलिसांना गत्यंतर उरत नाही. कोलार, चिंतामणी, मागडी, तुमकूर या बाजूंनी तसेच आंध्र व तामिळ मुलखातून शेतकरी आणि व्यापारी येतात आणि रात्री राशींच्या कडेलाच पथारी टाकतात. कच्च्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, दुदाणी आणि तिदाणी, प्रत्येक जातीची रास निराळी. गिऱ्हाईक प्रथम एक शेंग फोडून दाणा चाखते. मग विक्रेती बाई शेराचे माप शिगोशीग भरून पिशवीत रिकामे करते आणि न मागता आणखी ओंजळभर शेंगा वर घालते. भाव कितीही चढो, ती वरची ओंजळ चुकत नाही.

या जत्रेची आख्यायिका अशी, की आसपासच्या खेड्यांतील भुईमुगाचे पीक दर पौर्णिमेस एक बैल येऊन फस्त करी. संतापलेल्या शेतकऱ्याने त्यास सोटा हाणला, तेव्हा बैल जागीच शिळारूप झाला, आणि पश्चात्तापाने त्या लोकांनी पहिले पीक त्याला वाहण्याचा नेम केला. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा ही कथा ज्या रूपात आज सांगितली जाते ते रूप फारसे पुरातन नसावे. परंतु कथेतली गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, सुंकेनहळ्ळी ही खेडी शहराच्या पोटात केव्हाच गडप झाली, त्यांच्या शेतांवर इमारती उठल्या, आणि तरी नेम मात्र मोडला नाही. पीक दुसऱ्याच तालुक्यांत पिकते आणि तेथून येऊन याच नंदीच्या पायाशी पडते. माझ्या मते या शहराची खरी सनद या नेमातच लिहिलेली आहे.

शेंगा सरतात न सरतात तोच पावटा येतो. धनुर्मासात, जेव्हा देवळे पहाटेच्या काळोखात उघडतात आणि मूगडाळ-तांदळाच्या हुग्गीचा नैवेद्य होतो, तेव्हा मंडईत हिरव्या पावट्याचे ढीग लागलेले असतात. दंव पडू लागले म्हणजेच शेंगेला खरा वास चढतो, असे इकडील जाणती माणसे सांगतात; तो तेलकट, उग्र, हवाहवासा वास हाताला दिवसभर चिकटून राहतो. कोकणातल्या गृहिणी बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून सोलतात. इकडे ताजे दाणेच रात्रभर भिजवून बोटांच्या चिमटीत दाबतात, की सालीतून हिरवी दळे अलगद निसटतात. त्यांचे सारू, दाणे घातलेले उप्पिट्टू आणि अक्की रोट्टी हे पदार्थ दोन महिने घरोघरी चालतात, आणि व्ही. व्ही. पुरम भागात केवळ पावट्याचा म्हणून मेळा भरतो.

उत्तम पावटा मागडीचा, हे येथे सर्वमान्य आहे, आणि मागडीच्या नावाशी आपल्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. १६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या फौजेने बेंगळूर घेतले तेव्हा तिसरा केंपेगौडा मागडीस जाऊन राहिला, आणि बेंगळूर शहाजीराजांकडे जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वराच्या देवास एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आजच्या मल्लेश्वरम पेठेतील काडू मल्लेश्वर देवळात आहे.

मकरसंक्रांतीस सारे लक्ष गविपुरमच्या गंगाधरेश्वराकडे लागते. नैऋत्याभिमुख अशा त्या गुहामंदिरात सायंकाळी काही मिनिटे मावळतीचा किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरतो आणि शिवलिंगावर पडतो. आत जागा न मिळालेला समुदाय बाहेर पडद्यावर तो सोहळा पाहतो. हाच योग नोव्हेंबरच्या अखेरीसही येतो, कारण २१–२२ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्या अंतरावर असलेल्या दिवशी सूर्य एकाच जागी मावळतो. विशेष हे, की ट्रॉम्सोचा सूर्य जातो आणि परततो तेही जवळजवळ याच दोन सुमारांस. एकाच सूर्यगतीने तेथे अंधाराच्या दोन सीमा ठरतात आणि येथे देवाला दोनदा प्रकाशाचा अभिषेक होतो. एवढे पाहावयास मिळाले तरी संक्रांतीच्या गर्दीतील धक्के सार्थकी लागले असे मी समजतो. त्या दिवशी घरोघर तीळ, गुळाचे खडे, खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण साखरेच्या चित्रांसह आणि उसाच्या कांड्यासह वाटतात, आणि खेड्यांतून शिंगे रंगविलेली गुरे पेटत्या गवतावरून उडवितात. पुढे प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने लालबागेच्या काचघरात पुष्पप्रदर्शन भरते, आणि हिवाळा आटोपतो.

नोकरीनिमित्त येथे आलेली हजारो मराठी कुटुंबे शहराच्या पूर्वेकडील नव्या वसाहतींत राहतात, आणि त्यांतील कित्येकांनी वर्षानुवर्षे बसवनगुडी पाहिलेली नसते. त्यांना माझी विनंती आहे, की कानडी पंचांगाचा आणि आपला कार्तिक एकच असल्याने तिथी शोधावी लागणार नाही. शेवटच्या सोमवारी कापडी पिशवी घेऊन, मुलांना बरोबर घेऊन जावे, आणि मोडक्यातोडक्या कानडीत का होईना, शेंगा कोणत्या गावच्या हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.