चिकटलेली नव्हे, सुटायची राहिलेली बोटं
(तान्ह्या अंगाची ओळख : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात टाळूची ओळख झाली. आज बाळाची मूठ उघडू.

बाळ मांडीवर आलं की आजी आधी बोटं मोजते. कधी मोजता मोजता ती थबकते. मधलं बोट आणि अनामिका एकाच कातडीत गुरफटलेली असतात. मग घरात दबक्या आवाजात चौकशी सुरू होते : ग्रहण पाळलं नव्हतंस का? विळीवर काही चिरलंस का? आणि ओल्या बाळंतिणीला वाटू लागतं, आपल्याच हातून काही चुकलं.

काहीही चुकलेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तेवढ्या एका प्रश्नाने कित्येक आया वर्षानुवर्षं आतून कुढत राहतात.

‘बोटं चिकटली’ हे म्हणणंच मुळात फसवं आहे. सुरुवातीला आपल्या सगळ्यांचीच बोटं जोडलेली असतात. गर्भ साधारण चार आठवड्यांचा झाला की हाताचा कोंब फुटतो. पुढे त्याचं टोक वल्ह्यासारखं चपटं होतं आणि त्यात पाच बोटांच्या रेघा उमटतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात त्या रेघांमधल्या पेशी ठरल्यासारख्या मरून जातात आणि टोकाकडून बुडाकडे बेचक्या मोकळ्या होत येतात. बदकाच्या पायात हे मरण थोपवलं जातं, म्हणून तिथे पडदा टिकतो. वटवाघळाच्या पंखातही तसंच. बाळाच्या हातात एखाद्या बेचकीचं काम अर्धवट राहिलं, की ती दोन बोटं सुटायची राहतात. पाळी चुकल्यापासून दीडेक महिन्यात हे सगळं उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातलं ग्रहण सुटी झालेली बोटं पुन्हा जोडू शकत नाही. (गर्भाच्या पिशवीचे धागे बोटांभोवती आवळून ती जुळण्याचा एक निराळा, दुर्मीळ प्रकार आहे. त्यातही आईचा दोष नसतो.)

दर दोन-तीन हजार बाळांमागे एकाला हे असतं, मुलग्यांत जरा जास्त. पुष्कळदा घराण्यातून येतं. बहुतेक बाळं एरवी ठणठणीत असतात. तरी डॉक्टर डोकं आणि छातीही तपासतात, कारण ॲपर्ट सिंड्रोममध्ये कवटीचे सांधे लवकर जुळतात आणि पोलंड सिंड्रोममध्ये त्याच बाजूचा छातीचा स्नायू अपुरा असतो. हाडंही जुळलीत का, ते एक्स-रेत कळतं.

मग मधली कातडी कापली की झालं? नाही. दोन बोटं जुळवून त्यांच्याभोवती दोरा गुंडाळून बघा, मग प्रत्येकाभोवती वेगळा. दुसऱ्या वेळी दोरा जास्त लागतो. तशीच कातडीही कमी पडते. ती जांघेतून किंवा कोपराच्या घडीतून घेऊन लावतात. चीर नागमोडी देतात, कारण सरळ व्रण आकसतो आणि बोट वाकवतो. नवी बेचकी हाताच्या पाठीकडची कातडी वळवून घडवतात. तीन बोटं जुळलेली असतील तर मधल्या बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सोडवत नाहीत. त्याला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या दोन बाजूंनी जातात; दोन्ही दुखावल्या तर बोटच धोक्यात येतं. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया.

मधलं बोट आणि अनामिका असेल तर वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबतात. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी असेल तर सहा महिन्यांच्या सुमारास, लवकर करतात, कारण आखूड बोट लांब बोटाला ओढून वाकडं करतं. हात वाढताना बेचकीतली कातडी पुन्हा पुढे सरकू शकते, तेव्हा टाके सुकले तरी तपासणीच्या तारखा चुकवू नका. क्वचित दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते.

पायाचं दुसरं-तिसरं बोट जुळलेलं असेल तर चालण्यात, पळण्यात काहीच अडत नाही. बहुतेक वेळा ते तसंच राहू द्यावं.

पुढच्या आठवड्यात : सहावं बोट.