कोचिंगचा करार किती महिन्यांचा करावा?

छत्तीसगडमध्ये अभनपूरकडे शेतावरच्या गड्याचा करार अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला ठरतो, तो पुढच्या अक्तीपर्यंत. खानदेशात सालदाराचंही तसंच, आखाजी ते आखाजी. ही मुदत कुणी मनाने ठरवलेली नाही, ती पिकाच्या चक्रावरून आली. कोचिंगचा करार ठरवतानाही आधी असं चक्र शोधा.

आहार-व्यायामाचं कोचिंग घ्या. शुगर असलेल्या क्लायंटची एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. मग एका महिन्याच्या करारात दाखवणार काय? सवयींचंही तेच. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. ‘21 दिवसांत कायापालट’वाले हे सांगत नाहीत!

म्हणून माझं मत: पहिला करार तीन महिन्यांचा, पुढे महिना-महिना. मुलाखतीच्या तयारीचा करार मात्र मुलाखतीच्या तारखेलाच संपवावा.

वर्षाचे पैसे आगाऊ घेणं मला पटत नाही. घेतलेच, तर परताव्याचा नियम आधीच लिहून द्या. शिकवणी वर्गांसाठी केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना आहेत: विद्यार्थ्याने मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत. तुम्हाला त्या लागू नसल्या, तरी नमुना म्हणून चांगल्या आहेत.

आणि हो, क्लायंट शेतकरी असेल तर धानकापणीच्या तोंडावर करार सुरू करू नका. निम्मी सत्रं बुडतात.