कोपऱ्यातला राजा

मी प्राथमिक शाळेतला शिक्षक. बऱ्याच वर्षांपूर्वी एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "तुम्हाला बुद्धिबळ येतं ना? मग आंतरशालेय स्पर्धेसाठी चौथीचा संघ तयार करा." स्पर्धेला तीन आठवडे होते. मला बुद्धिबळ येत होतं ते घरच्या ओट्यावरचं, मोठ्या भावाशी भांडत खेळलेलं. ते येणं आणि नऊ वर्षांच्या चार मुलांना स्पर्धेत बसवणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढं कळलं.

घरी आपण चाल परत घेतो. स्पर्धेत ते चालत नाही. आपल्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला, की तोच चालवावा लागतो. तो घरात नीट ठेवायचा असेल, तर आधी तसं सांगायचं आणि मगच हात लावायचा. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. चाली कागदावर लिहायच्या. शंका आली तर समोरच्याशी वाद न घालता हात वर करून पंचांना बोलवायचं. लहान मुलं बुद्धीनं हरण्याआधी या सवयींनी हरतात. म्हणून मी मुलांना पहिली सूचना देतो, "विचार करताना दोन्ही हात मांडीखाली."

सांघिक स्पर्धेचा हिशेबही समजून घ्यावा लागतो. आमच्या स्पर्धेत एका संघाचे चार खेळाडू चार पटांवर बसत. पटांचा क्रम आधीच लिहून द्यायचा, मध्येच बदलायचा नाही. चार डावांतले अडीच गुण मिळाले की सामना जिंकला आणि दोन गुण मिळाले; दोन-दोन अशी बरोबरी झाली तर एकच. सामने स्विस पद्धतीनं होत, म्हणजे हरलेला संघ घरी जात नाही, साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्या संघाशी पुढं खेळतो. यातली गंमत अशी, की चौथ्या पटावरच्या मुलाच्या अर्ध्या गुणाची किंमत पहिल्या पटावरच्या हुशार मुलाच्या अर्ध्या गुणाइतकीच असते. ही गंमत मला फार महागात पडली.

तीन आठवड्यांत काय शिकवायचं? मी सोपा रस्ता धरला. चार चालींत मात! उंट आणि वजीर मिळून राजाजवळच्या त्या प्याद्यावर तुटून पडायचं, ज्याला एकट्या राजाचाच जोर असतो. मुलं खूश झाली. पहिल्या दोन फेऱ्यांत आमच्या मुलांनी धडाधड माती दिल्या. तिसऱ्या फेरीत समोर जाणती मुलं आली. त्यांनी घोडा काढून वजिराला हाकललं आणि आमचे वजीर पटभर पळत सुटले. तरीही कसेबसे आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीजवळ राहिलो.

आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी घाईघाईनं एक गोष्ट सांगितली होती. समोर एकटा राजा उरला आणि आपल्याकडे वजीर असेल, तर वजीर राजापासून घोड्याच्या उडीएवढ्या अंतरावर ठेवा. राजा जिकडे सरकेल, तिकडेच वजीर सरकवा. राजा आपोआप काठाकडे जातो. युक्ती खरी आहे, आजही मी ती शिकवतो. पण तेव्हा शिपाईदादा कुलूप लावायला आले आणि मी तिथंच थांबलो.

शेवटच्या फेरीत तीन पटांचा निकाल दीड-दीड झाला. उरला चौथा पट. आमच्या मुलाचं प्यादं वजीर झालं होतं, समोर एकटा राजा. जिंकलो तर करंडक आमचा. मुलगा शांतपणे वजीर सरकवत होता, घोड्याच्या अंतरानं, सांगितलं तसं. राजा काठावर गेला, मग कोपऱ्यात. मुलानं पुन्हा वजीर घोड्याच्या अंतरावर ठेवला आणि समोरच्या मुलानं हात वर केला.

श्रोतेहो, कोपऱ्यातल्या राजाला हलायला तीनच घरं असतात. घोड्याच्या अंतरावरचा वजीर ती तिन्ही अडवतो, पण राजाला शह देत नाही. शह नाही आणि चालही नाही, याला स्टेलमेट म्हणतात. डाव बरोबरीत सुटतो. सामना दोन-दोन झाला. आम्ही दुसरे आलो.

बसमध्ये बाकीची मुलं त्याला बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत गप्प राहिलो. तो एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत तसंच केलं."

दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला येईना. तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. पट मांडला. त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलं, की चूक माझी होती, मी अर्धीच गोष्ट शिकवली होती. मग उरलेली अर्धी दाखवली. राजा काठावर गेला, की पाठलाग थांबवायचा. वजिरानं काठाशेजारची ओळ अडवायची, राजाला ये-जा करायला निदान दोन घरं मोकळी आहेत ना ते बघायचं, आणि मग आपला राजा सावकाश जवळ आणून मात द्यायची. सोमवारी तो सरावाला आला. संघासमोरही मी तेच पुन्हा सांगितलं.

तेव्हापासून मी उलटीकडून शिकवतो. आधी नुसत्या प्याद्यांची लढाई, मग राजा आणि वजीर, राजा आणि हत्ती, राजा आणि एक प्यादं. डावाची सुरुवात सगळ्यात शेवटी. १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेला क्यूबाचा कापाब्लांका हाही डावाचा शेवट आधी शिकावा असंच सांगत असे. पटावर मोहरे कमी असले, की प्रत्येकाची ताकद मुलाला स्वच्छ दिसते.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर पालकांची गर्दी वाढली आहे. "आमची मुलगी करंडक कधी आणेल?" असं ते विचारतात. मी त्यांना म्हणतो, हरून आल्यावर घरी पहिला प्रश्न 'कशी हरलीस?' असा विचारू नका. आधी जेवायला वाढा. चाली लिहिलेला कागद तिच्याकडे असतोच. दुसऱ्या दिवशी तो घेऊन आम्ही दोघं बसतो आणि बघतो, की ही चूक तिची आहे की माझी.