पद्मिनीला रेडियल टायर: आकार कसा निवडायचा?

आजचा प्रश्न: प्रीमियर पद्मिनीचे मूळ रिम तसेच ठेवून रेडियल टायर कोणते घालायचे?

मूळ टायरवर ५.२०-१४ लिहिलेलं असतं. रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच. रिम १४ चा आहे म्हणून १४ चा कुठलाही टायर चालतो, असं नाही. थोडं गणित करू.

१५५/८० आर १४ घ्या. रुंदी १५५ मिलिमीटर. बाजूची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १२४. वर-खाली मिळून २४८. त्यात रिमचे ३५६ मिळवले की व्यास ६०४.

आता दिसायला रुबाबदार १८५/६० घ्या. व्यास भरतो ५७८. म्हणजे गाडी १३ मिलिमीटर आणखी खाली बसते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. शिवाय पॉवर स्टीअरिंग नाही, गाडी लावताना दंड भरून येतात. अरुंद रिमवर रुंद टायर वळणावर डुलतो, ते वेगळंच. म्हणून माझं मत १५५/८० ला.

दुकानात लोड इंडेक्स तपासा. ट्यूब रेडियलचीच मागा. आणि पैसे वाचवायला दोनच टायर बदलू नका. पुढे रेडियल आणि मागे जुने क्रॉसप्लाय असले, तर ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. फौजी भाषेत सांगतो: चारही जवान एकाच तुकडीचे हवेत.

जय हिंद.