अर्धशिशी वाढली की धास्ती वाढते



खोडव्याच्या खतमात्रेवर लिहायचं सोडून हा डोकेदुखीवर काय लिहितोय, असं काहींना वाटेल. पण गट ऑफिसात चार माणसं बसली की एखाद्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघतेच. पट्टी दिसते, तिच्यामागची धास्ती दिसत नाही. म्हणून हा प्रपंच.

माझंच सांगतो. अर्धशिशी मला विशीपासून. महिन्या-दोन महिन्यांनी यायची. एका बाजूला ठणका, उजेड नको, आवाज नको, मळमळ. अंधाऱ्या खोलीत पडायचं, उलटी झाली की उतरायची. तिची सवय झाली होती. चाळिशीनंतर मात्र ती आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड येऊ लागली. त्यातच भावकीतला एक जण मेंदूतल्या गाठीनं गेला. झालं! रात्रीची लाईट असली की दारं धरायला जायचो आणि बांधावर बसून एकेक डोळा झाकून बघायचो, नीट दिसतंय का. जीभ वळते का म्हणून स्वतःचंच नाव मोठ्यानं घ्यायचो. मंडळींनी एकदा विचारलं, "अहो, कुणाशी बोलताय?" काय सांगणार?

एमआरआय काढला. काही निघालं नाही. चार दिवस हलकं वाटलं, पाचव्या दिवशी मनात आलं, मशीनला दिसलं नसेल तर? हुमणी लागली का म्हणून रोज एक बेट उपटून बघणाऱ्याचं जे होतं, तेच माझं झालं. हुमणी नसली तरी ऊस जातोच.

शेवटी एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न केला, "महिन्याला गोळ्या किती दिवस खाता?" मला सांगता येईना. घरी येऊन देवळीतल्या रिकाम्या पट्ट्या मोजल्या, तेव्हा महिन्यातले वीस-बावीस दिवस भरले. त्यातल्या निम्म्या तर दुखायच्या आधीच, आज दुखेल या भीतीनं खाल्लेल्या!

इथं खरी गोम आहे. अर्धशिशीच्या माणसानं पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, नाहीतर दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी, अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर घेत राहिलं, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं. भीतीनं गोळी, गोळीनं दुखणं, दुखण्यानं पुन्हा भीती. शिवाय धास्तीनं झोप उडते, मान आखडते, आणि एरवी लक्षातही न येणारी कळ मोठी वाटते. दुखणं वाढलं म्हणजे आत गाठच वाढली, असा हिशेब करू नये. रात्रीचं पाणी, बुडालेली झोप, उन्हात उपाशीपोटी काम, चतुर्थीचा कडक उपास, चहाचं प्रमाण, हीसुद्धा कारणं असतात. हा आजार बायकांत पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो, आणि पाळी जायच्या वयात काहींचा त्रास वाढतो. घरातल्या बाईनं "डोकं दुखतंय" म्हटलं तर ते कामचुकारपणात धरू नका.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही, त्याच वेळी मोठा दवाखाना गाठायचा. डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखणं. हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. फिट, शुद्ध हरपणं. तापाबरोबर ताठलेली मान. डोक्याला मार लागल्यावरचं किंवा गरोदरपणातलं नवं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा खोकताना, आडवं पडल्यावर वाढणारी डोकेदुखीही लवकर तपासून घ्यावी. फवारणीनंतर डोकं दुखून घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणं सुरू झालं तर ती विषबाधा असू शकते. औषधाची बाटली बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जावं. काहींना अर्धशिशीच्या आधी नागमोडी चकाकी दिसते. ती हळूहळू पसरते आणि बहुधा तासाभरात जाते. पण पहिल्यांदा दिसली तर दाखवावीच.

हे सगळं एकदा नीट तपासून घ्यावं, आणि मग दर महिन्याला नवा डॉक्टर, नवा फोटो हे थांबवावं. अर्धशिशीवाल्यांच्या एमआरआयमध्ये कधी कधी बारीक पांढरे ठिपके दिसतात. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण मोबाईलवर त्याचा अर्थ शोधत बसलं की त्या रात्रीची झोप गेली.

माझी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच बंद झाली. पहिले आठ दिवस डोकं जास्त दुखलं, ते तसं दुखतं हे आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. रोजची अमिट्रिप्टिलीनची लहान गोळी सुरू झाली. ही मनाच्या आजारातही देतात, त्यामुळं "मला वेडाची गोळी दिली" म्हणून पुष्कळ जण आठ दिवसांत सोडतात. तिचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात. दमेकऱ्यांनी मात्र प्रोप्रॅनोलॉल देऊ केली तर दम्याचं आवर्जून सांगावं.

धास्तीचं काय केलं? कारखान्याचं कॅलेंडर घेतलं. दुखलं त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर टिंब, झोप मोडली तर रेघ. चिंता आली की मनात घोळवायची नाही, कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायची आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं वाचायची. त्या वेळेपर्यंत निम्म्या चिंता शिळ्या झालेल्या असायच्या. डोळे झाकून तपासणं बंद केलं. पहिले काही दिवस हात आपोआप डोळ्याकडं जायचा. घरच्यांनाही सांगितलं, तासातासाला "डोकं कसंय?" विचारू नका.

अजून महिन्यातून तीन-चार फुल्या पडतात. रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यात एखादी जास्त. परवा तोड आली त्या दिवशी पहाटेच ठणका लागला. भाकरी खाऊन, एक गोळी घेऊन अंधारात पडलो, आणि दुपारी गाडी भरायला फडात होतो.