२५ अक्षरं आणि ७२ हजार भोपाळकर

माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची. त्यातली २५ गळाली तर बिघडलं काय? भारतीय उपखंडात शेकडा ४ जणांच्या अंगात नेमकी अशी २५ अक्षरं कमी आहेत, आणि तीही हृदयाच्या स्नायूचं प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी३ या जनुकात. पेरुंदुराई धंडपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी तंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये हिशेब मांडला: हा बदल सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा तो अंदाजे ६ कोटी लोकांत होता.

भोपाळला हा आकडा लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती जवळजवळ १८ लाख. शेकडा ४ म्हणजे ७२ हजार. हा उपखंडाच्या सरासरीवरचा ढोबळ हिशेब झाला, भोपाळात कुणी घरोघर मोजलेलं नाही. आणि ७२ हजार रुग्ण असाही त्याचा अर्थ नव्हे. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. त्याच जनुकात आणखी एक बदल सोबतीला असला की बिघाड जास्त दिसतो. अशा बिघाडांपैकी एक, स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, साधारण ५०० जणांत एकाला असतो. त्या हिशेबाने भोपाळात ३,६००. ठोक्यांची जीवघेणी लय त्यातल्याही थोड्यांनाच गाठते.

पण गाठते तेव्हा मामला सेकंदांचा असतो. हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं. जाड झालेल्या स्नायूत व्रण पडले की विजेचा प्रवाह त्यांच्याभोवती गोल फिरू लागतो आणि ठोके मिनिटाला २०० वर जातात. दोन ठोक्यांत उरतात ०.३ सेकंद, तेवढ्यात कप्पा रक्ताने पुरता भरत नाही.

हे रिंगण तोडायचं ते कॅथेटर अ‍ॅब्लेशनने. जांघेतून जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची नळी हृदयात नेतात, आतून हजारो बिंदूंवर विजेची नोंद घेऊन नकाशा करतात आणि नेमक्या जागी स्नायू विजेने जाळतात. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशेची ये-जा करते, ही सुमारे ५ लाख वेळा. म्हणून ती स्नायूला झटका न देता तापवते. शक्ती ३० ते ५० वॅट, म्हणजे छताच्या साध्या पंख्याहूनही कमी. ५० अंश सेल्सिअसच्या वर पेशी मरते.

खरी अडचण जाडीची. निरोगी भिंत १० मिलिमीटरच्या आसपास. या आजारात १५ च्या पुढे, क्वचित ३० च्याही. जाळल्याचा डाग मात्र जेमतेम ५-७ मिलिमीटर खोल जातो. रिंगण भिंतीच्या पोटात असेल तर आतून हात पोचत नाही. मग छातीच्या हाडाखालून सुई घालून बाहेरून जावं लागतं. ती वाट ब्राझीलच्या एदुआर्दो सोसा यांनी १९९६ मध्ये दाखवली. एवढं करूनही लय परतू शकते. म्हणून आयसीडी हे यंत्र छातीत राहतंच: वेळ आली तर ते ३०-४० ज्यूलचा झटका देतं. अ‍ॅब्लेशनने झटके कमी होतात, यंत्राची गरज संपत नाही.

आजार आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला त्यामागचा जनुकीय बदल मिळण्याची शक्यता निम्मी. तुमच्या घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा धावताना चक्कर येऊन पडत असेल, तर भोपाळ, नागपूर, पुणे, जिथे जिथे भावंडं आहेत तिथे सगळ्यांचा एकदा ईसीजी आणि इको करून घ्या.